खाडीकाठची झाडे : ओळख आणि राखण

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात अभ्यासवर्गातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणासाठी आम्ही ‘खाडीकाठची झाडे’ हा विषय कळवला, तेव्हा कमिटीतल्या काही ज्येष्ठ मंडळींना नवल वाटले. विहारात झाडाझुडपांवर काय बोलणार? ते नवल रास्तच आहे. परंतु विहाराच्या मागच्या बांधावर उभे राहिले की ठाणे खाडीची जी हिरवी भिंत दिसते, तिच्या शेजारी आपण तीन पिढ्या राहत आलो आहोत. तिच्यातल्या पाच झाडांची नावे सांगा असे कोणी म्हटले, तर आपल्यापैकी किती जण सांगू शकतील? शाळेत जाणाऱ्या पोराला फ्लेमिंगोचे नाव ठाऊक असते. पण तो पक्षी ज्या झाडांच्या आडोशाने राहतो, त्या झाडांना तो नुसते ‘जंगल’ म्हणतो.

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. ती आपल्यापैकी अनेकांनी वर्षावासातल्या प्रवचनांत ऐकली असेल. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकल्यावर जीवकाने आचार्यांना विचारले, हे शिक्षण संपणार तरी कधी? आचार्यांनी त्याच्या हातात कुदळ दिली आणि सांगितले, तक्षशिलेच्या भोवती एक योजनभर हिंड आणि औषधाची नाही अशी जी वनस्पती दिसेल ती घेऊन ये. जीवक सगळीकडे हिंडला आणि रिकाम्या हाताने परत आला. म्हणाला, आचार्य, औषध नाही अशी एकही वनस्पती मला दिसली नाही. आचार्य म्हणाले, तुझे शिक्षण झाले.

या कथेतली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आचार्यांनी परीक्षा घेतली ती आपल्याच गावाभोवतीच्या झाडांवर. लांबच्या हिमालयातली दुर्मिळ मुळी त्यांनी मागितली नाही. जो आपल्या पायाखालची जमीन ओळखतो तो शिकलेला, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. ही परीक्षा आज आपली घेतली तर आपण कुठे असू, एवढाच आजचा विषय आहे.

आता आपल्या वस्तीकडे वळू. आपले आजी-आजोबा १९७२ च्या दुष्काळात आणि त्याच्या पुढेमागे मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-नगरकडून इकडे आले. ते अडाणी होते असे कोणी म्हणेल, पण झाडपाल्याच्या बाबतीत ते पंडित होते. बाभळीचा डिंक कधी काढायचा, शेळीला कुठला पाला चालतो, तरवड कशाला वापरायचा, टाकळ्याची भाजी कोवळी कधी खुडायची, हे त्यांना तोंडपाठ होते. इथे आल्यावर मात्र त्यांच्यापुढे चिखल, खारे पाणी आणि अनोळखी झाडे उभी राहिली. ही जागा त्यांच्या वाट्याला आली, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. गावाकडची झाडे मागे राहिली आणि इथली झाडे शेजारच्या कोळी-आगरी बायांकडून थोडीफार समजली. चिंबोऱ्या धरायला, निवट्या पकडायला त्यांच्याबरोबर गेलेल्या आपल्या काही आज्यांना आजही तिवर आणि हुरी यांतला फरक न पाहता, नुसत्या काठीने चाचपून सांगता येतो. नातवंडांना मात्र ना गावची झाडे ठाऊक, ना इथली. मधल्या मध्ये सगळेच निसटले.

म्हणून आम्ही गेले वर्षभर महिन्यातून एकदा, ओहोटीच्या वेळी, बांधावरून फेरी काढली. जे पाहिले आणि विचारून घेतले ते आज आपल्यापुढे ठेवतो. पाण्याकडून वस्तीकडे यायचे, असा क्रम धरू.

प्रथम सगळ्या समूहाचे नाव. इंग्रजीत मॅन्ग्रोव्ह, वर्तमानपत्रात खारफुटी, सरकारी कागदात कांदळवन आणि आपल्या तोंडी तिवरं. चारही एकच. जिथे दिवसातून दोनदा भरती चढते आणि उतरते अशा खाऱ्या चिखलात तगणारी ही झाडे. आंबा-फणस इथे लावला तर दोन दिवसांत माना टाकील. खाडीच्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही आणि पाण्यात मीठ असते. या दोन संकटांवर प्रत्येक झाडाने आपापला तोडगा काढलेला आहे, आणि तो तोडगा हीच त्या झाडाची ओळख आहे. एवढे ध्यानात ठेवले की पुस्तकाची गरज नाही.

पहिले झाड तिवर. आपल्याकडे सर्वांत जास्त हेच. ओळखायचे कसे? झाडाकडे पाहू नका, खाली चिखलाकडे पाहा. पेन्सिली उभ्या रोवाव्यात तशी बोटाएवढी मुळे शेकड्यांनी वर आलेली दिसतील. ही श्वासाची मुळे. ओहोटीच्या वेळी त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून झाड हवा घेते. मग पान पाहा. वरून हिरवे, चकचकीत. खालून राखाडी, चंदेरी. वारा आला की सगळे झाड क्षणात पांढुरके दिसते ते यामुळेच. तिवर मीठ पानावाटे बाहेर टाकते. कोरड्या दिवशी पान उन्हात तिरपे धरले की मिठाचे कण चमकतात. काही मुले चव घेऊन पाहतात. तसे करू नका, खाडीत शहराचे सांडपाणी येते. पावसाळ्यात याची चपटी, बदामासारखी फळे गळून पाण्यावर तरंगतात. फळाच्या आतच कोंब तयार असतो, चिखल मिळाला की ते मूळ धरते.

दुसरे चिप्पी. हिचीही श्वासमुळे वर येतात, पण ती तिवराहून जाड, बुडाशी रुंद आणि टोकाला निमुळती, सुळक्यासारखी. फळ पाहिले की शंका राहत नाही. हिरवे, गोल, थोडे दबलेले फळ आणि त्याच्या बुडाशी चांदणीसारखा पसरलेला हिरवा निदल. पांढऱ्या चिप्पीची फुले रात्री उमलतात, सकाळी झाडाखाली पांढऱ्या तंतूंचा सडा पडलेला असतो. २०२० साली महाराष्ट्र शासनाने हिला राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान दिला. आंबा हा राज्यवृक्ष, जारूळ म्हणजे तामण हे राज्यपुष्प, हे आपली मुले सामान्यज्ञानाच्या परीक्षेत लिहितात. आता हेही लिहावे. खाडीत दुसरी एक चिप्पी आहे, तिच्या फांद्या खाली लोंबतात आणि पाने अरुंद असतात. ती लांबूनच ओळखू येते.

तिसरे कांदळ. ज्याच्या नावावरून सरकारने कांदळवन म्हटले ते हे, पण आपल्या भागात ते मोजकेच. याची मुळे खोडापासून कमानीसारखी निघून चिखलात उतरतात, जणू झाड अनेक पायांवर उभे आहे. पानाच्या टोकाला टाचणीसारखा काटा असतो. आणि याची खरी गंमत म्हणजे बी झाडावरच रुजते. शेवग्याच्या शेंगेसारखे लांब हिरवे रोप आईच्या अंगावरच वाढते आणि मग खाली पडून चिखलात रुतते किंवा पाण्याबरोबर दुसरीकडे जाते. लेकरू पायावर उभे राहीपर्यंत आईने सोडायचे नाही, असा हा प्रकार.

चौथे काजळा. हे झुडूपवजा. पांढरी, वासाची फुले झुपक्याने येतात आणि मधमाश्या त्यावर तुटून पडतात. फळ वाकडे, मिरचीसारखे टोकदार. फुले नसतील तेव्हा या फळावरून ओळखा.

पाचवी मारांडी. बांधाच्या कडेला गुडघा-कमरेएवढी वाढणारी, पानांना काटे असलेली. हिला लोक ‘काटेरी रान’ म्हणून झोडपतात. पण उन्हाळ्याच्या तोंडावर हिला निळीजांभळी सुरेख फुले येतात. एकदा फूल पाहिले की पुन्हा कोणी कोयता उचलणार नाही.

सहावे झाड मात्र सावधगिरीचे. हुरी, काही ठिकाणी गेवा म्हणतात. याचे पान किंवा फांदी मोडली की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते, अंगाला लागला तर फोड येतात. गळण्यापूर्वी याची पाने लालभडक होतात, आणि लाल पान दिसले की लहान मुले ते तोडायला धावतात. माता-भगिनींना आमची कळकळीची विनंती आहे, घरी गेल्यावर मुलांना एवढे एक झाड नक्की सांगा. चुकून चीक लागलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि डोळ्याचा प्रश्न असेल तर लगेच दवाखाना गाठा.

बांधाच्या वर, जिथे मोठ्या भरतीचेच पाणी पोचते, तिथे पिलू म्हणजे खाकण दिसतो. याच्या काड्या दात घासायला वापरतात, मिसवाक म्हणून जे बाजारात मिळते ते हेच झाड. पान चोळले की मोहरीसारखा तिखट वास येतो. त्याच्याच शेजारी करंज उभा आहे. करंजाचे तेल आपल्या आज्यांनी खरजेवर लावलेले आहे, त्याची ओळख वेगळी सांगायला नको.

आणि आता विहाराशी जवळचे एक झाड. बांधावर हृदयाच्या आकाराच्या पानांचे एक मध्यम झाड आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मुले त्याची पाने आणून बोधिवृक्षाची पाने म्हणून सजावटीला लावतात. ते झाड पिंपळ नाही, ती भेंडी आहे. पानाच्या साम्यावरून तिला पारसा पिंपळही म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. फरक सोपा आहे. पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते, भेंडीच्या पानाचे टोक आखूड. भेंडीला पिवळी, भेंडीच्या भाजीसारखी फुले येतात आणि ती सुकताना तांबूस होतात; पिंपळाला असे फूल कधीच दिसत नाही. चीक येतो का हे पाहायला पान तोडू नका, शेजारी हुरी असू शकते. शेपटी पाहिली की पुरे. पाने भेंडीची लावली म्हणून काही बिघडत नाही. पण बोधिवृक्षाला वंदन करणाऱ्या माणसाला बोधिवृक्ष ओळखता यावा, एवढे तरी हवे.

आता कोणी म्हणेल, नावे कळली, पुढे काय? पोट भरणार आहे का त्याने?

बंधूंनो, झाड ओळखता आले की जमीन वाचता येते. तिवराची झाडे एका पट्ट्यात उभ्याउभ्या वाळली असतील, तर रोग पडला असे लगेच म्हणू नका. खाली पाहा. राडारोडा किंवा माती टाकून श्वासमुळे गाडली गेली असतील, तर झाडाचा श्वास कोंडला आहे. कोयता न लावता झाड मारण्याची ही रीत आहे. तिवराच्या जागी पाणकणीस माजले असेल, तर समजा की भरतीची वाट कुठेतरी बुजवली आहे आणि तिथे गटाराचे गोडे पाणी साचते आहे. आणि विलायती बाभूळ, सुबाबूळ, घाणेरी दिसू लागली, तर ती जमीन भराव टाकून उंच झाली आहे. झाडे साक्ष देतात. ती वाचणारा माणूस हवा.

याचा अनुभव आम्ही घेतला. गेल्या पावसाळ्यानंतर रात्रीचे ट्रक बांधाच्या पलीकडे डेब्रिज ओतू लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. एका कार्यालयात तोंडी सांगायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले, ‘तिथे झाडे कुठे आहेत, ती तर झुडपे.’ मग आम्ही ओहोटीला बसून मोजदाद केली. तिवर किती, त्यांतली वाळलेली किती, श्वासमुळे किती पावलांपर्यंत गाडली आहेत, काजळा कुठे, मारांडी कुठे, सगळे तारीखवार लिहिले, फोटो जोडले आणि अर्ज देऊन पोचपावती घेतली. या अर्जाला ‘झुडपे’ म्हणता आले नाही. माणसे पाहणीला आली, पंचनामा झाला, ट्रक थांबले. टाकलेला भराव अजून उचललेला नाही, त्यासाठी पाठपुरावा चालू आहे. परंतु नाव घेतल्यावर झाड कागदावर येते, आणि कागदावर आले की ते सहजासहजी पुसता येत नाही, हे आम्ही शिकलो.

कायदा आपल्या बाजूला आहे, तोही जाणून घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनाची तोड आणि तिथे राडारोडा टाकणे यांवर बंदी घातली. २०१८ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की कांदळवनाचा नाश हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. बाबासाहेबांच्या संविधानातले हे कलम आपल्या मागच्या चिखलापर्यंत पोचले आहे, ही लहान गोष्ट नाही. २०१२ पासून राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. ठाणे खाडीचा १६९० हेक्टर भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली खाडीचे नाव रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. दाराशी एवढी मोठी गोष्ट आहे आणि आपण तिच्याकडे पाठ करून बसलो आहोत.

एक गोष्ट उघड बोलायला हवी. ज्यांची घरे अगदी कडेला आहेत, त्यांच्या मनात भीती आहे. खारफुटीचे नाव काढले की आधी गरिबाच्या झोपडीवर बुलडोझर येईल, ट्रकवाला मोकळा सुटेल. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. असे घडते. पण गप्प बसून ती टळते का? आज जो भराव पडतो आहे, तो आपल्या घरासाठी पडत नाही. उद्या त्याच्यावर जे उभे राहील त्यात आपल्याला खोली मिळणार नाही, आणि खाडी बुजवल्याचा ठपका मात्र काठावर राहतो त्याच्यावर येईल. आपली हद्द कुठे संपते आणि तिवर कुठे सुरू होते, हे आपणच तारीखवार नोंदवून ठेवले, तर तोच कागद उद्या आपल्या घरासाठीही कामी येईल. जो झाडे राखतो असे कागदोपत्री दिसते, त्याला झाडांचा शत्रू ठरवणे अवघड जाते.

शिवाय पाण्याचे गणित आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री माळ्यावर बसून काढलेले तास आपल्यातले अनेक जण विसरलेले नाहीत. वरून पाऊस आणि खालून भरती असते तेव्हा पाण्याला पसरायला जागा लागते. ती जागा म्हणजे हा चिखल आणि ही तिवरं. ती बुजवली की पाणी शोधत शोधत आपल्याच उंबऱ्यावर येते. बिल्डिंगच्या सहाव्या मजल्यावर ते चढत नाही.

वर्षावासाची प्रथा कशी पडली, तेही इथे आठवावे. पावसाळ्यात भिक्खू हिंडतात तेव्हा कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून भगवंतांनी तीन महिने एके ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. अडीच हजार वर्षांपूर्वी सामान्य माणसांनी गवतासाठी तक्रार केली आणि ती ऐकली गेली. आपण तिवरासाठी तक्रार करायला संकोच का करावा?

शेवटी तीन सूचना मांडून आम्ही थांबतो. पहिली, महिन्यातून एका रविवारी ओहोटीच्या वेळी बांधावरून फेरी निघेल. प्रत्येक घरातून एका तरी मुलाने मोठ्या माणसाबरोबर यावे. बांध सोडून चिखलात उतरायचे नाही. दुसरी, विहारात एक वही ठेवली आहे. तीत झाडाचे नाव, जागा, तारीख आणि स्थिती असे चार रकाने आहेत. ज्याला जे दिसेल ते त्याने लिहावे, लिहिता न येणाऱ्याने सांगावे, आम्ही लिहू. तिसरी सूचना आज्यांसाठी. कोळणींकडून शिकलेली नावे आणि गावाकडच्या झाडांची नावे, दोन्ही आम्हाला सांगा. तुमच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याच पुस्तकात नाही, आणि तुमच्या नंतर ते कोणालाही सापडणार नाही.

 येत्या रविवारी ओहोटी सकाळी आहे. विहाराच्या दारात भेटू.

जयभीम! नमो बुद्धाय!